चादरींच्या खोलीतला पेशंट

मानांकनाची तपासणी तोंडावर आली आणि सगळं हॉस्पिटल लग्नघरासारखं धावायला लागलं. भिंतींना रंग, दारांना पाट्या, पायऱ्यांना पिवळ्या पट्ट्या. देखल्या देवा दंडवत, दुसरं काय. एक वॉर्डबॉय नुकताच कामाला लागला होता, सगळे त्याला धाकट्या म्हणत. त्याच्या वाट्याला आले जावईबापू.

जावईबापू म्हणजे रबरी पुतळा. डोकं आणि धड, बस्स. छातीत स्प्रिंग होती. नीट खोल दाबलं की टक् वाजायची. पुतळा पलंगावर निजवायचा, भिंतीवरचं लाल बटण दाबायचं, की डॉक्टरीणबाई आणि सिस्टर पळत यायच्या, छाती दाबायच्या आणि शेवटी बाई मोठ्यानं म्हणायच्या, "नाडी लागली. पेशंट परत आला." तपासणीवाल्यांपुढे हेच करून दाखवायचं होतं. पुतळ्याची एवढी बडदास्त, म्हणून सिस्टरनी ते नाव ठेवलेलं. सगळे हसायचे. धाकट्याला हसू येत नसे.

त्याच्या आधी या कामावर त्याचा दादा होता. एका दुपारी दादा चादरी आणायला गेला आणि परतलाच नाही. कामचुकार कुठं उलथला, म्हणून वॉर्डानं त्याला शिव्या घातल्या. संध्याकाळी कुणीतरी चादरींच्या खोलीत गेलं, तर दादा गठ्ठ्याला पाठ टेकून बसलेला, गार पडलेला. मग सगळे पळाले. वरातीमागून घोडं. डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "थोडं आधी कळलं असतं तर..."

ते अर्धं वाक्य धाकट्याच्या डोक्यात घर करून बसलं होतं. रबरासाठी एवढे धावतात. दादासाठी एकदा तरी धावले असते, तर काय झालं असतं?

तपासणीच्या दिवशी त्यानं पुढचामागचा विचार केला नाही. ट्रंकेतून दादाचा कामाचा शर्ट काढला. वास जाईल म्हणून आईनं तो धुतला नव्हता. जावईबापूंना तो चढवला आणि पलंगाऐवजी चादरींच्या खोलीत, त्याच गठ्ठ्याला टेकवून बसवलं. तपासणीसाठी आता तिथंही लाल बटण बसवलं होतं. त्यानं ते दाबलं.

खोलीला खिडकी नव्हती. खळीचा, दमट कापडाचा वास कोंडलेला. ट्यूबलाइट फडफडत होती. मग त्या वासाखालून दुसरा वास वर आला. ओझं वाहून आल्यावर दादाच्या अंगाला यायचा तो. शर्टाचाच असणार, धाकट्यानं मनाला सांगितलं. पण तो वाढत होता.

पावलं धावत आली. डॉक्टरीणबाईंनी शर्ट पाहिला, मग धाकट्याकडे पाहिलं. दारात तपासणीवाले उभे होते. बोलायची सोय नव्हती. पुतळा जमिनीवर आडवा करून त्या छाती दाबायला लागल्या. टक्. टक्. टक्.

मग टक् वाजायचं थांबलं. बाई तर दाबतच होत्या. आवाज आता मऊ येत होता, मांसावर हात पडल्यासारखा.

त्यांनी गळ्याशी बोटं ठेवली. ठरलेलं वाक्य म्हणायची वेळ आली. त्या म्हणाल्या नाहीत.

"सिस्टर... तुम्ही बघा जरा..."

सिस्टरनी बोटं टेकवली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"पेशंट आला का परत?" तपासणीवाल्यांपैकी एकानं विचारलं.

"हो..." बाईंचा आवाज खोल गेला होता. "आला."

तपासणीवाले समाधानानं मान हलवून पुढच्या मजल्याकडे निघाले. बाई दारात क्षणभर रेंगाळल्या. मागे न बघता म्हणाल्या, "त्याला... एकटं नको ठेवूस."

धाकट्यानं पुतळ्याचा शर्ट काढला. आत रबर होतं, गार. त्यानं छाती दाबली. टक्. कितीतरी वेळ तो दाबत राहिला. टक्, टक्, एवढंच. शेवटी पुतळा कपाटात ठेवून तो शर्ट छातीशी धरून घरी गेला.

आईनं शर्ट ओळखला. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं.

"कुणी घातला होता रे?"

"कुणी नाही."

"मग पाठ भिजलीय कशी?"

आईनं शर्ट नाकाशी नेला. अंगणातल्या दोरीवर त्याला वाळत घातलं. बाकीचे कपडे ऊन उतरायच्या आत कडकडीत वाळले. तो शर्ट अजून दोरीवरच आहे. आई रोज त्याला उन्हात उलटा करते, रोज पाठीवर हात फिरवून बघते. पाठ ओलीच असते. आणि कोमट.