पाण्याच्या दिवशी परीक्षा

संभाजीनगर चारी बाजूंनी वाढत होतं, पण त्या दुष्काळी वर्षी आमच्या सिडकोत नळ यायचा आठ दिवसांतून एकदा, तोही पाऊण तास. असाच एकदा अवेळी नळ आला आणि मी हातातल्या लॅपटॉपसकट अंगणात धावले. वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू पाइप घेऊन जिना उतरत होता. काही न विचारता मी लॅपटॉप त्याच्या हातात दिला आणि हौदाचं झाकण उघडलं. हा आपला स्क्रीनकडे बघत उभा.

"कविता लिहिता का, मॅडम? ओळी लहान-मोठ्या हायत म्हणून इचारलं."

"कोडिंग आहे ते..." मी म्हटलं, आणि हसू काही केल्या आवरेना.

हा विश्वजीत, मूळचा कन्नड तालुक्यातला, वाळूजच्या कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. मी मनस्विनी, सात वर्षं शाळेत तासिका तत्त्वावर शिकवून कंटाळलेली, आता ऑनलाइन कोडिंग शिकणारी. "या वयात?" असं सगळ्यांनी विचारलं होतं. त्यानं फक्त "कुठवर आलं?" एवढंच विचारलं. मग जिन्यात भेटला की रोज तेच विचारू लागला, आणि मीही मुद्दाम जिन्यात रेंगाळू लागले.

शेवटी पुण्याच्या एका कंपनीची परीक्षा ठरली. घरूनच द्यायची, कॅमेरा चालू, जागेवरून उठलं की बाद. पास झाले तर घरबसल्या नोकरी, नाहीतर जूनपासून पुन्हा त्याच तासिका. आणि नेमकी त्याच वेळी नळाची पाळी! आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला तांब्यासुद्धा उचलवत नव्हता. मी अगदी रडकुंडीला आले. हे कळल्यावर विश्वजीतनं शिफ्ट बदलून घेतली.

"तुम्ही उठायचं नाय," एवढंच म्हणाला.

दार लावून मी पेपरला बसले. बाहेर पाइप ओढल्याचा, पिंप भरल्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजाच्या आधारानं मी एकेक प्रश्न सोडवत गेले. बाहेर येऊन बघते तर आमचा हौद, पिंपं, देवघरातली घागरसुद्धा काठोकाठ. हा नखशिखांत भिजलेला. वरची त्याची टाकी मात्र कोरडी. आमचं भरेस्तोवर नळ गेला होता.

मग रोज संध्याकाळी तो बादली घेऊन आमच्या दारात. बादली भरायला दोन मिनिटं पुरतात... आम्ही अर्धा तास लावायचो. आई आतून खोकायची.

आठव्या दिवशी निकाल आला. मी पास झाले होते. त्याच दुपारी नळही येऊन गेला. त्याची टाकी भरलेली मी स्वतः पाहिली. तरी सहा वाजता हा बादली घेऊन हजर.

"आज तर वर पाणी आहे ना?"

"हाय की." तो बादलीकडेच बघत राहिला. "पण... आल्याबिगर करमंना, मॅडम."

मी निकाल सांगितला. आभाराची चांगली चार वाक्यं पाठ करून ठेवली होती, त्यातलं एकही आठवेना. कुणीतरी माझ्यासाठी आपली टाकी कोरडी ठेवली, याबद्दल मी किती कृतज्ञ आहे, हे सांगता सांगता माझे डोळे भरून आले.

"तुम्ही मला आवडता," मी म्हणून टाकलं. "आणि आता मॅडम नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"मनस्विनी."

त्यानं एकदा हळूच म्हणून बघितलं. मग बादली दाराबाहेर ठेवली आणि पहिल्यांदाच, काही मागायला नसताना, घरात आला.