बाबांच्या जागी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. पण हे जिच्या डोळ्यांदेखत घडलं ती माझी सख्खी नणंद आहे, आणि पेइ-च्युन थापा मारणाऱ्यांतली नाही.

रात्र नव्हती. भर दुपार होती. गेल्या वर्षीचा, आमच्या चांद्र पंचांगाचा सातवा महिना, तैवानच्या कीलुंग बंदराजवळचं एक छोटं रुग्णालय. नाव सांगत नाही.

पेइ-च्युन तिथे हृदयाची स्ट्रेस टेस्ट घेते. छातीला वायरी चिकटवायच्या, माणसाला ट्रेडमिलवर चालवायचं, हळूहळू चढ वाढवायचा आणि पडद्यावर ठोके बघायचे.

सातव्या महिन्यात आमच्याकडे 'ते' मोकळे सुटलेले असतात. भूत म्हणायचं नाही, भाऊमंडळी म्हणायचं. महिनाभर कोणी आपणहून रुग्णालयाची पायरी चढत नाही. खोली रिकामी होती, म्हणून तिने माझ्या सासऱ्यांना, म्हणजे तिच्या बाबांना, ओढत आणलं.

बाबांचा जन्म मासळीबाजारात गेला. हल्ली जिना चढताना त्यांची छाती आवळायची. पण हट्टी असे की बोलायची सोय नाही.

"महिना संपू दे की गं."

"तोवर तुम्ही संपाल."

"आणि वर उपाशी ठेवलंस. बापाला जेवून तरी मरू दे!"

ती डॉक्टर फांगना बोलवायला गेली. परत आली, तर बाबांच्या मिशीला मक्याचे कण...

मशीनवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट असतं. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे सगळीकडे ठेवतात. ते फोडायचं नसतं.

"बाबा! ते मशीनचं होतं!"

"मशीनला दात आहेत का? आणि मूठभरच खाल्लं. बाकीचं ठेवलंय तिथंच."

खरंच ठेवलं होतं. जवळजवळ भरलेलं पाकीट, तोंड उघडं, मशीनच्या माथ्यावर.

डॉक्टर हसले, "मूठभराने काही होत नाही, सुरू कर," म्हणाले, आणि फोन आला म्हणून शेजारच्या खोलीत गेले.

पट्टा फिरू लागला.

धप... धप... बाबांचे बूट.

तिने चढ वाढवला. बाबा धापा टाकू लागले.

धप... चट... धप... चट...

मधला आवाज बुटांचा नव्हता. अनवाणी पायांचा होता.

"मागे कोण आहे गं?"

"कोणी नाही. वळू नका!" ती ओरडली. या महिन्यात मागे वळून बघायचं नसतं, हे तिला आईने शिकवलेलं.

बाबांचे ओठ निळे पडले. त्यांनी पाय उचलून पट्ट्याच्या दोन्ही कडांवर ठेवले आणि दांड्याला लोंबकळले.

पट्टा आता मोकळा फिरत होता.

चट... चट... चट... चट...

आणि पडद्यावर ठोके... शांत. एका मापाचे. जवान माणसाचे.

तिने लाल बटण दाबलं. पट्टा थांबला.

पावलं थांबली नाहीत. आणखी दोन-चार पडली, दाराच्या दिशेने. मग काहीच नाही.

डॉक्टर आले, पडदा बघितला आणि खूश झाले. "वा आजोबा! हे काळीज आम्हाला द्या. जा घरी, मस्त जेवा."

"सर, ते ठोके बाबांचे नव्हते."

"मग काय माझे होते? पेइ-च्युन, तूसुद्धा?"

तिला रडू फुटलं. बाप डोळ्यांसमोर निळा पडलेला, आणि मशीन म्हणतंय ठणठणीत आहे! तिने वाद घातला नाही. बाबांना टॅक्सीत कोंबलं आणि थेट तैपेईच्या मोठ्या रुग्णालयात नेलं.

तिथे त्यांना टेबलावर झोपवून, रक्तवाहिनीत नळी घालून तपासलं. त्यात चालायचं काही नव्हतं. मुख्य वाहिनी जवळजवळ बंद झालेली निघाली; ती तिथल्या तिथे उघडली. आणखी थोडा उशीर झाला असता तर खेळ खलास होता.

दुसऱ्या दिवशी ती खोली आवरायला गेली. हिरवं पाकीट तिथेच होतं... रिकामं. आतून चाटूनपुसून स्वच्छ.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. सातव्या महिन्यात उघडून ठेवलेलं खाणं म्हणजे आमंत्रण. कुणीतरी भुकेला आला, पोटभर जेवला आणि खाल्ल्या मिठाला जागला. दमलेल्या म्हाताऱ्याच्या वाटचं चालून दिलं.

त्याने भलंच करायला घेतलं होतं. त्या भलाईनेच बाबा गेले असते.

ही गोष्ट तिने बाबांना सांगितली, ही तिची चूक. बाबा घाबरतील असं तिला वाटलं होतं. ते खुदकन हसले.

"बिचारा! गुणी आहे गं."

बाबांना आता पुन्हा नळी घालून घ्यायची नाही. ऑपरेशनची त्यांना फार भीती बसलीय. गेल्या महिन्यात, म्हणजे यंदाच्या सातव्या महिन्यात, तैपेईला त्यांची पुन्हा स्ट्रेस टेस्ट झाली. जिना चढताना त्यांना परत दम लागतो, हे मी रोज बघते.

पेइ-च्युन टेस्टच्या खोलीबाहेर उभी होती. बाबांनी शर्ट काढून तिच्या हातात दिला होता. शर्टाच्या खिशात काहीतरी चुरचुरलं. तिने हात घातला.

हिरवं पाकीट. तोंड फोडलेलं... रिकामं.

दारापलीकडे पट्टा सुरू झाला.

रिपोर्ट उत्तम आला.