ताणावरच्या बागेतलं पाणी

“हे बघ सुमती, आडरस्त्याला वळू नका! तिथे काही झालं तर हाक ऐकायलासुद्धा कुणी नसतं.”

आई फाटकापर्यंत येऊन पुन्हा पुन्हा हेच बजावत होती. “हो गं, हो!” म्हणत सुमतीने पॅडलवर पाय दिला, आणि रामदासपेठेचं वळण ओलांडेपर्यंत ते विसरूनही गेली. नाताळची सुट्टी, झोंबणारी थंडी आणि हवा भरून टणक केलेली चाकं! अशा सकाळी आईचं बोलणं कुणाच्या ध्यानात राहतं?

सर्वांत पुढे चुलतभाऊ गिरिधर. तो वर्षभराने मोठा, म्हणून आपोआप पुढारी. मागे सुमतीचा धाकटा भाऊ श्रीधर, बाबांच्या उंच सायकलच्या दांडीखालून पाय घालून कैची मारणारा.

“हिंगण्याच्या रस्त्यावर नुसत्या मोटारसायकली आणि कंपन्यांच्या बस,” गिरिधर म्हणाला. “धूर खायला आलोय का आपण? पुढे मी शोधलेल्या रस्त्याने चला!”

“मागे तू शोधलेला रस्ता गोठ्यात संपला होता,” श्रीधरने आठवण दिली. “म्हशीने तुझी टोपी खाल्ली!”

“तू आधी सीटवर बसायला शीक!”

पण या खेपेला रस्ता खरंच झकास निघाला. दोन्हीकडे तुरी आणि हरभरा, मध्ये एकटा डांबरी पट्टा. घंटी वाजवली की बगळे उडायचे, तेवढीच काय ती रहदारी. संत्र्याच्या एका बागेशी तिघांनी डबा उघडला.

“ताई, ही झाडं मेली!” श्रीधर ओरडला. पानं खरंच माना टाकून लोंबत होती.

“मेली नाहीत रे, बागेला ताण दिलाय,” सुमती हसली. तिच्या आजोळी संत्र्याचीच बाग होती. “या दिवसांत मुद्दाम पाणी तोडतात. झाडं चांगली कोमेजली की मग पाणी सोडायचं. मग ती फुलांनी अशी लगडतात! पण मध्येच पाणी दिलं, तर बहार गेला. मागच्या वर्षी मला दया आली आणि एका झाडाला मी बादलीभर पाणी घातलं. आजोबा दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी!”

इतक्यात बागेतून आवाज आला. टुक्‌ टुक्‌ टुक्‌...

“विहिरीचं पाणी उपसायचं इंजिन!” गिरिधर म्हणाला.

सुमतीचा घास हातातच राहिला. काट्यांच्या कुंपणाखालून पाटाचं पाणी चकाकत येत होतं. ताणावरच्या बागेत पाणी? इंजिन थांबलं. जरा वेळाने पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं.

“ताई, फाटकाला तर बाहेरून कुलूप आहे,” श्रीधर हळूच म्हणाला. “मग आत कोण?”

तिघांनी हाका मारल्या. बाग मोठी, कुंपण डोक्याहून उंच. उत्तर आलं नाही.

चौकशी करायला तिघं गावाच्या फाट्यावरच्या चहाच्या दुकानात गेले. बागेचे मालक महादेवराव तिथेच मित्रांबरोबर पत्ते खेळत बसले होते. “काका, तुमच्या बागेत आत्ता कुणी आहे का?” सुमतीने विचारलं.

“बागेत कोनी नाही,” ते पत्त्यांतून मान वर न करता म्हणाले. “रखवालदार रुपराव काल दिसला नाही, म्हंजे घरी गेला. मीच काल संध्याकाळी कुलूप लावलं. तुमाले काहून पंचायती?”

गिरिधर तडक सायकलवर बसला आणि रुपरावांचं घर विचारत गावात शिरला. परत आला तो रुपरावांच्या बायकोला, रुखमाबाईंना, मागे बसवूनच! त्यांच्या हाताला अजून पीठ लागलेलं होतं.

“घरी? घरी कुठं आले!” त्या उतरता उतरता महादेवरावांना म्हणाल्या. “ते तं बागेतच हायेत नं! तुमीच तं नेहमी म्हणता, राखणीले थांब.”

सुमतीने दोघांचं बोलणं जुळवून पाहिलं. घरचे समजत होते बागेत, मालक समजत होते घरी. मग माणूस होता कुठे?

“पडला असन कुठं पिऊन,” महादेवरावांनी पत्ता टाकला. “मी काय त्याले हुडकत फिरू?”

“ते पीत नाहीत, मालक!” रुखमाबाई कळवळून म्हणाल्या.

महादेवराव हलेनात. सुमतीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी भाबडा चेहरा केला.

“बरं काका, आम्ही निघतो. बाग मात्र मस्त भिजून राहिली हं तुमची! पाट नुसता भरून वाहतोय.”

“काय?” पत्ते उधळले. “पानी? माह्या ताणाच्या बागेत? अरे, बहार बुडवला!”

धोतर सावरत महादेवरावांनी श्रीधरचीच सायकल ओढली आणि तुफान निघाले! त्यांचे मित्र पाठोपाठ धावले.

“दोर घ्या बरोबर!” सुमती दुकानदाराला ओरडून म्हणाली. आजोळचं इंजिन विहिरीत, पाण्याच्या वरच्या ओट्यावर बसवलेलं असायचं. इथलंही तिथेच असेल, तर...

“कोन पानी सोडते रे?” फाटकाचं कुलूप काढून विहिरीशी पोहोचताच महादेवराव आत वाकून गरजले.

“मी, मालक!” खालून खोल आवाज आला. “आले बाप्पा एकदाचे शिव्या द्याले!”

इंजिनाशेजारी, धुराने काळेठिक्कर झालेले रुपराव भिंतीला टेकून बसले होते. घोटा सुजून भोपळा झाला होता, आणि शिडी खाली पाण्यात तरंगत होती.

दोराला पाळण्यासारखी लाकडी फळी बांधून त्यांना वर काढलं. काल इंजिनाला तेल द्यायला ते उतरले, तर शिडीच निसटली. रात्रभर ओरडून घसा बसला.

“सकाळी इंजिन सुरू केलं. धूर कोंडला का बंद, जरा दम घेतला का सुरू,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “माणसासाठी कोनी नाही आलं, तरी ताणाच्या बागेत पानी पाहून शिव्या द्याले तरी कोनी येईनच!”

“आन्‌ मी घरी निवांत!” रुखमाबाई रडत रडत त्यांच्यावरच चिडल्या. “तुमी बागेत आहा म्हणून!”

महादेवरावांची मान खाली गेली. त्यांनी अंगावरची शाल काढून रुपरावांना लपेटली. “बहाराचं जाऊ दे गा. थो पुढच्या साली येईन.” मग सुमतीकडे वळले. “पोरी, तुह्या डोक्याले मानलं! मले बरोबर उठवलं तू.”

घरी यायला दुपार उलटली. आई फाटकात उभी होती. तिन्ही सायकली दिसल्या तेव्हा कुठे तिने फाटकावरचा हात सोडला. रागवायचं सगळं जमवून ठेवलं होतं, पण हकिगत ऐकता ऐकता तिचे डोळेच भरून आले. “शहाणी माझी पोरं ती,” एवढंच म्हणाली आणि गरम वरण वाढायला उठली. बाबांनी तर श्रीधरच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याला ठसकाच लागला!

तर बाळांनो, तुमच्याही ओळखीचं असं कुणी असेल. शेतावरचे काका, एकट्या राहणाऱ्या मावशी, कुणीही. ‘तिकडे असतील’ असं प्रत्येक जण नुसतं समजत असेल. मग आता असं करा, पुस्तक मिटा आणि पळत जाऊन त्यांना एकदा बघून या. खरंच, जा.