ब्रोन म्हणजे दुःख

टूनगॅबी स्टेशनात ट्रेन बंद पडली, सगळे बदली बसमध्ये कोंबले गेले, आणि कुणाचा तरी भलामोठा बूट चिन्मयीच्या पायावर आला.

“ता ब्रोन ओरम!” बुटाचा मालक गडबडला. “म्हणजे... सॉरी. घाबरलो की तोंडातून आयरिश निघतं.”

“शब्दशः काय म्हणालास?”

“माझ्यावर दुःख आहे. ब्रोन म्हणजे दुःख. ‘ओ’ लांबव... अजून... हां! फार जुना शब्द, वेल्श भाषेतही त्याचं भावंड आहे. नाम, पुल्लिंगी.”

“आमचं दुःख नपुंसकलिंगी.”

“तरी दुखतं?”

“आधी पाय उचल, मग सांगते.”

बुटाचा मालक काहल तिच्याच युनिव्हर्सिटीत खाणकाम शिकत होता. वर्षभर बसमधली शेजारची जागा, कॉफी, चोरट्या नजरा... सगळं झालं, बोलायचं तेवढं राहिलं.

मग तिकडे साताऱ्याला तिचे बाबा वारले. परीक्षा, विमानाचं तिकीट, काहीच वेळेत जमलं नाही. अग्नी चुलतभावाने दिला. चिन्मयी रडली नाही. काहलचे फोनही तिने उचलले नाहीत.

आठवड्याने गिरावीन भागातल्या तिच्या भाड्याच्या घराचं दार वाजलं; काहल आला होता. रूममेट मंजिरीने त्याला सगळं सांगितलं होतं. त्याच्या हातात डबा, मागे सूटकेस. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कालगुर्लीच्या खाणीत, त्याला नोकरी लागली होती. एअरपोर्टची टॅक्सी येतच होती.

“सुट्टीत मी परत यायचं की नाही, तेवढं सांग,” तो म्हणाला. “नको असेन तर नको म्हण. पण ही अशी गप्प...”

तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल, याचीच तिला धास्ती. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिने डबा उघडला, सँडविचचा ब्रेड उचलला — आत गुलाबी काप.

“काहल... हे हॅम आहे.”

“आमच्याकडे मयताच्या घरी हेच नेतात.” मग त्याचा चेहरा पडला. “अरे देवा! तू तर मांस खातच नाहीस...”

“आमच्याकडे शेजारी पिठलं-भात आणतात. त्या घरात चूल पेटवत नाहीत ना, म्हणून. इथे मला... कुणीच...”

तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्यामागून आठवडाभर अडलेलं रडू. काहलने खांदा पुढे केला.

बाहेर हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. तो हलला नाही.

“ता ब्रोन ओरम,” ती त्याच्या शर्टात तोंड खुपसून म्हणाली. ‘ओ’ हवा तितका लांबला.

मग तिने डोळे पुसले आणि सूटकेस स्वतःच दाराकडे ढकलली.

“जा, विमान चुकेल. सुट्टी मिळाली की सरळ इथे ये. पिठलं शिकवते, तू कर.”

“आणि ही सँडविचेस?”

“ड्रायव्हरला विचार. मला तू परत आलास की पुरे.”