रूथच्या महायंत्रात कोण होतं?

त्या रविवारी दुपारी, चौथा डाव अर्ध्यावर आला असताना, मला पक्कं वाटायला लागलं की रूथच्या महायंत्रात रूथ नाहीये.

मग कोण होतं म्हणाल? तेच तर! यंत्र चालत होतं, माझ्यावर घणाचे घाव घालत होतं, आणि तेसुद्धा अगदी रूथसारखे. आधी दोनदा गुडघ्यात वाकायचं, डावा पाय मागे घ्यायचा आणि मग घण उगारायचा, ही रूथचीच खोड. सगळं तिचंच होतं, आणि तरी माझ्या अंगावर काटा आला होता.

थांबा, नीट सांगते. गार्गीआत्या म्हणते की मी कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करते आणि मग ऐकणाऱ्याच्या डोक्याचा भुगा होतो.

मी शलाका तांबे, राहणार ओतूर, इयत्ता सातवी. रूथ साळवे माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. सात महिन्यांपूर्वी ती चंद्रावर राहायला गेली, कारण तिची आई वनस्पतिशास्त्रज्ञ आहे आणि तिची बदली तिकडे झाली. चंद्रावरच्या मुख्य वसाहतीपासून बारा किलोमीटरवर एक रोपघर (बंद घुमटात, दिव्यांच्या उजेडात भाजीपाला पिकवायची जागा) आहे. तिथे या दोघीच. रूथ म्हणते, तिथे पालकाच्या रोपांशिवाय बोलायला कोणी नाही.

आम्हां दोघींचा जीव अडकला होता 'लोहपर्व' या गेममध्ये. येत्या अकरा तारखेला तो सगळ्यांसाठी खुला होणार होता आणि आम्ही दीड वर्षं त्याची वाट बघत होतो. त्यात प्रत्येकाला एक महायंत्र (तीन मजली उंच रोबो, ज्याच्या छातीत बसून तो चालवायचा) मिळतं. कातळकडा आणि तांबडमाती असे दोन गट. पृथ्वीवरचे आणि चंद्रावरचे लाखो खेळाडू ऑनलाइन लढणार आणि रोज सकाळी नकाशावरची हद्द इकडची तिकडे झालेली असणार! नुसता विचार करूनही मला शाळेत लक्ष लागत नव्हतं, तसे माझे मार्कही आले होते.

आधी नाव नोंदवलेल्यांना चाचणीसाठी सराव खेळता यायचा. पाच डावांची एक फेरी, एक संपला की पुढचा आपोआप सुरू. बोलायची सोय नव्हती, फक्त यंत्राच्या खुणा. त्या रविवारी दोन वाजता आम्ही फेरी सुरू केली.

पहिला डाव मी जिंकले. दुसरा रूथने. तिसराही तिने. चौथ्यात मला काहीतरी खटकलं. मी एकदा चुकून तिच्यापुढे अगदी उघडी पडले. रूथ असती तर तिने आधी मला चिडवायला घण डोक्यावरून गरगर फिरवला असता, मारलं नंतर असतं. यंत्राने नुसतं दोनदा वाकून, पाय मागे घेऊन, मारलं.

मग मी मुद्दाम एक वेडेपणा केला. तलवार टाकली आणि माझं महायंत्र भर मैदानात मांडी घालून बसवलं. हे पाहून रूथ नक्की हसली असती आणि शेजारी येऊन बसली असती, पैजेवर सांगते.

समोरचं यंत्र थांबलं. त्याची मान सावकाश डावीकडे वळली. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. काहीतरी शोधतंय आणि सापडत नाहीये, असं वाटत होतं. मग ते दोनदा वाकलं, पाय मागे घेतला आणि माझ्यावर घण घातला.

मी पुन्हा बसले. मान डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. वाकणं, पाय, घण. तिसऱ्यांदा बसले. तेच, तितक्याच वेळात, तसंच. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारच्या काकू मोठमोठ्याने फोनवर बोलत होत्या, आणि मला मात्र त्या खोलीत एकटं बसवेना.

मी उठून स्वयंपाकघरात पळाले. आत्या ओट्याशी बसून भिजवलेले वाल सोलत होती. गार्गीआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आमच्या गावाबाहेर ज्या मोठमोठ्या थाळ्यांसारख्या अँटेना आहेत ना, तिथल्या केंद्रात ती काम करते. चंद्राशी होणारं सगळं बोलणं तिथून जातं. त्या दिवशी तिची सुट्टी होती.

"आत्या, रूथच्या यंत्रात भूत आहे," मी म्हटलं.

"असेल. वाल सोलायला बस."

"अगं खरंच!" आणि मी सगळं सांगितलं.

आत्या हसली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. तिने विचारलं, "चंद्र किती लांब आहे?"

"तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर."

"आणि रेडिओचा निरोप जातो प्रकाशाच्या वेगाने. म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर. मग एक निरोप पोचायला?"

"सव्वा सेकंदाच्या थोडं वर."

"जाऊन उत्तर यायला अडीच. याला म्हणतात विलंब (निरोप वाटेत असतानाचा वेळ). आता तू तलवार मारलीस, ते रूथला दिसायला सव्वा सेकंद, तिने ढाल उचललेली तुला दिसायला आणखी सव्वा. लढाई होईल का अशी?"

"पण होते ना! आमची मस्त होते."

"ती का होते ते दाखवते." आत्याने खिडकीतला टेनिसचा चेंडू उचलला. "मी टाकते. चेंडू अर्ध्या वाटेत आला की डोळे मीट आणि झेल."

तिने हळूच टाकला. मी डोळे मिटले आणि चेंडू बरोबर हातात आला.

"डोळे मिटलेले असताना कसा झेललास? आधी दिसलेल्या वाटेवरून पुढची वाट ताडलीस. याला म्हणतात पूर्वानुमान (झालेल्यावरून पुढचं ओळखणं). गेम हेच करतो. रूथची खरी बातमी वाटेत असते, तोवर ती काय करत असेल ते तो ताडून दाखवतो. बातमी आली की चूक गुपचूप सुधारतो. आता पुन्हा."

पुन्हा चेंडू. पुन्हा मी डोळे मिटले, मूठ आवळली. मूठ रिकामी! डोळे उघडले तर आत्याने हातातल्या ताटलीने चेंडू मधेच भलतीकडे उडवला होता.

"हात मात्र बरोबर जागी आला होता तुझा," आत्या म्हणाली. "कारण ताटलीची बातमी तुला मिळालीच नाही. अंदाज चुकला हे कळायलाही बातमी लागते, शलाके. ती आलीच नाही, तर अंदाज आपला चालूच राहतो."

"किती वेळ?"

"साध्या गेममध्ये अर्धा-पाऊण सेकंद. मग खेळाडू जागच्या जागी गोठतो आणि आपल्याला कळतं की लाईन तुटली. पण चंद्रासाठी या लोकांनी खास व्यवस्था केली, म्हणे खेळाडू गोठलेला दिसला की मजा जाते. महिनोन्‌महिने प्रत्येकाच्या सवयी शिकून घेतल्या..." बोलता बोलता आत्याचे हात वालांच्या परातीतच थांबले. "हे असं कधीपासून चाललंय म्हणालीस?"

"तिसऱ्या डावापासून असेल. वीस-पंचवीस मिनिटं."

"अगं बाई!" आत्या उठली. तिचा आवाज बदलला होता. "म्हणजे पंचवीस मिनिटं रोपघराकडून काहीच आलेलं नाही. आणि तिथे त्या दोघीच आहेत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. भूतबीत काही नव्हतं. यंत्रात रूथ नव्हती, म्हणजे रूथला काहीतरी झालं होतं.

आत्याने केंद्रात फोन लावला. ड्यूटीवर देवकुळेकाका होते. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, रोपघराचा दिवा हिरवा आहे," ते म्हणाले. "माहिती येतेय की तिकडून. पोरगी मजेत गेम खेळतेय."

"अहो देवकुळे, ती खेळत नाहीये! अंदाज बांधणारी गेमची पेटी मुख्य वसाहतीत बसवलीय. ती रूथच्या नावाने, रोपघराच्या नावाने हालचाली बनवून पाठवतेय. तुमचा दिवा तेच मोजतोय."

"तसं असेलही, पण नुसत्या शंकेवर वसाहतीला गाडी पाठवा कसं सांगू? बाराएक किलोमीटर जायचंय त्यांना."

मला राहवलं नाही. मी फोनवर ओरडलेच, "काका, चौथा डाव बघा! मी तीनदा खाली बसले. तिन्ही वेळा तिने काय केलं आणि किती वेळात केलं, ते मोजा!"

तिकडून बटणं दाबल्याचा आवाज येत होता. मग ते पुटपुटले, "चार पूर्णांक एकतीस सेकंद. चार पूर्णांक एकतीस. चार पूर्णांक एकतीस." आणि मग एकदम, "माणसाचा हात असं करूच शकत नाही. मी वसाहतीला कळवतो. बाळा, तू खेळ बंद करू नकोस. त्यांना नोंदी पडताळून बघाव्या लागतील."

म्हणजे मला परत त्या खोलीत जायचं होतं. आत्या आली बरोबर, पण तिचा फोन कानालाच होता.

पाचवा डाव आपोआप सुरू झाला होता. रूथचं महायंत्र माझ्या यंत्राच्या अगदी पुढ्यात येऊन उभं होतं. मी काहीच करत नव्हते, म्हणून तेही काही करत नव्हतं. मग त्याने हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर दोनदा ठोकलं. टण, टण. गेममध्ये या खुणेचा अर्थ होतो, "आहेस ना तिथे?"

मी डोळे गच्च मिटून घेतले. मिनिटभराने पुन्हा तोच आवाज आला. टण, टण. आत कोणी नाही हे मला माहीत होतं. रूथने ही खूण आजवर जितक्या वेळा केली असेल, त्या हिशेबाने ती आता येत होती, एवढंच. तरी माझा हात आपसूक उत्तर द्यायला निघाला. आत्याने तो धरून ठेवला. अशी मी पन्नास मिनिटं बसले, आणि आयुष्यात इतकं घाबरले नव्हते कधी.

मग आत्या फोनवर "हो, हो" म्हणाली आणि मटकन खाली बसली. "सापडल्या. दोघी ठीक आहेत."

झालं होतं असं. दोन वाजून सतरा मिनिटांनी आकाशातून आलेला सुपारीएवढा दगड रोपघराच्या खांबावर आदळला. अँटेना गेली, वीज गेली, हवा खेळवणारे पंखे बंद पडले. साळवेकाकू, म्हणजे रूथची आई, आणि रूथ आपत्कालीन खोलीत शिरल्या. तिथे साडेतीन तास पुरेल एवढी हवा होती. वसाहतीची रोजची हजेरी असते सहा वाजता. वेळांचा हिशेब तुम्हीच करा, माझ्याने तो अजूनही पूर्ण करवत नाही.

'लोहपर्व' अकरा तारखेला आलं नाही, दोन महिने पुढे गेलं. बनवणाऱ्यांनी आता त्यात एक बदल केलाय. तीन सेकंद खरी बातमी आली नाही, तर महायंत्र राखाडी पडतं, मान खाली घालतं आणि त्याच्या छातीवर 'रिकामं' अशी पाटी येते. मी आत्याला विचारलं, मग अंदाज बांधणं वाईटच का? ती म्हणाली, "छे गं! उद्या तुम्ही मंगळावर जाल, तिथे निरोपाला तीन ते बावीस मिनिटं लागतील. अंदाजाशिवाय तिथे एक गाडीही हलायची नाही. फक्त अंदाज कुठला आणि खरं कुठलं, हे दिसलं पाहिजे." ते दिसावं कसं, यावर मी एक वही भरायला घेतलीय. आत्या म्हणते, अर्धीअधिक बरोबर आहे.

तीन दिवसांनी नवी अँटेना लागली आणि रूथशी बोलता आलं. मी कितीतरी बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं फक्त, "रूथ?"

अडीच सेकंद.

"काय गं?" तिकडून आवाज आला, चांगलाच चिडलेला. "देवकुळेकाकांनी सांगितलं मला. अठ्ठावीस मिनिटं? अठ्ठावीस मिनिटं तू त्या ठोकळ्याशी खेळत बसलीस आणि तुला कळलंच नाही?"

"अगं, ती अगदी तुझ्यासारखीच खेळत होती!" मी म्हटलं. "पण मी तीनदा खाली बसले आणि ती एकदाही माझ्या शेजारी येऊन बसली नाही. तेव्हा कळलं."

अडीच सेकंद झाले. तीन झाले. पाच झाले. मी स्क्रीनकडे बघितलं, लाईन चालू होती. मग मला ऐकू आलं, रूथ रडत होती. बालवाडीपासून मी तिला कधी रडताना ऐकलं नव्हतं.

"मला वाटलं होतं, कोणालाच कळणार नाही," ती म्हणाली.

मग मीही रडले. नंतर आम्ही पाऊण तास बोललो, पालकापासून साळवेकाकूंच्या घोरण्यापर्यंत सगळं. गेमचा विषयसुद्धा निघाला नाही.