रिकामं मैदान

“दुपारी सैन्याचे अधिकारी येतायत. तोवर उलगडा झाला नाही, तर मला नारळ मिळणार!” प्रोग्रामर नखं कुरतडत म्हणाली.

गुप्तहेर ताईला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. तिच्यामागे धापा टाकत फिरायचं काम तिच्या थोरल्या भावाचं, दादाचं.

संगणकाच्या पडद्यावर लुटुपुटूची लढाई चालू होती. लाल ठिपके म्हणजे जखमी. मेले की करडे व्हायचे. काल हेलिकॉप्टरांनी बहुतेकांना इस्पितळात पोचवलं होतं. आज हेलिकॉप्टरं भरभरून उडत होती, तरी जखमी पटापट मरत होते.

“कोणीतरी नियम बदललेत,” प्रोग्रामर म्हणाली. “मशीनला कुलूप लावलं की लढाई थांबते, म्हणून ते उघडंच असतं. मी, प्रमुख साहेब, सल्लागार डॉक्टर, तिघांनाही नियम बदलता येतात.”

“मैदान मात्र आज स्वच्छ आहे हं,” दादा म्हणाला. “कालच्या चित्रात करडे ठिपके जिथल्या तिथे पडलेत.”

ताई थबकली.

प्रमुख साहेब उखडलेच. “चार हेलिकॉप्टरांत भागतं हे दाखवायचंय मला! मी कशाला बिघडवू? हिनेच घोळ घातलाय.”

“मेलेल्यांचं काय करता?” ताईने विचारलं.

“काय करायचं? ते हिशेबातून बाद.”

सल्लागार डॉक्टर सैन्यातून निवृत्त झालेले. ते खिडकीशी येरझाऱ्या घालत होते.

“आघाडीवर किती माणसं मागे सोडलीत?” ताईने त्यांना विचारलं.

“एकही नाही!” ते ताडकन म्हणाले.

ताईने सगळ्यांना पडद्यापुढे बोलावलं. “हेलिकॉप्टरं भरलेली, मैदान रिकामं. मग आत कोण बसलंय? मेलेले! साहेबांना त्यांची आठवणही नाही. नियम बिघडवून हिचीच नोकरी जाणार. सोबत्याला मागे टाकायचं नाही, हे अंगात मुरलेला इथे एकच माणूस आहे. डॉक्टर, तुम्ही.”

डॉक्टरांनी मान डोलावली. “मेलेल्यांनाही उचलून आणतात, हे कितीदा सांगितलं, साहेब हसले. माझ्या मांडीवर दोस्ताचा मुडदा होता. पोरं त्याला उतरवू देईनात. खाली एक जिवंत हाका मारत राहिला, त्याला जागाच उरली नाही.” मग ते प्रोग्रामरकडे वळले. “पोरी, तुझ्यावर बालंट येईल हे ध्यानातच आलं नाही गं.”

“पूर्ववत कर सगळं!” साहेब ओरडले. जिन्यात बूट वाजू लागले.

प्रोग्रामरने कीबोर्ड पुढे ओढला. “नाही करणार. हिशेब खोटा ठरला तर खरीखुरी माणसं मरतील.” तिने फक्त आणखी हेलिकॉप्टरं वाढवली.

अधिकारी आत आले. त्यांतली वयस्क बाई पडद्याजवळ गेली. एक करडा ठिपका उचलला गेला, पाठोपाठ एक लालही.

“आमचे लोक असंच करतात,” ती हळूच म्हणाली. “हे कोणाला सुचलं?”

साहेब पुढे सरसावले. प्रोग्रामरने डॉक्टरांकडे बोट दाखवलं.

दादाने पाहिलं, ताई चक्क खुर्चीत बसली होती.