बावखलातली माणसं

दुपारी अडीचनंतर वसईच्या भुईगावात केळीची पानंसुद्धा हलत नाहीत. वालीवच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतली सकाळची पाळी संपवून एलिना त्याच वेळी घरी येई, जेवून ओटीवर लॅपटॉप उघडून बसे. डब्लिनला तेव्हा सकाळ असे, आणि तिचा भाऊ ज्युड चहा पिता पिता आपली खेळी करून कामाला निघे.

खेळ एका संकेतस्थळावर चाले. दोघांनी आपापली संस्कृती उभारायची. पडद्यावर मधोमध पत्ते: शेत, खाण, देऊळ. उजवीकडे प्रत्येक खेळीची नोंद. तळाशी एक निळी पट्टी आणि तिच्यात पिवळे ठिपके, म्हणजे अजून कामाला न लावलेले कामगार. शेत कसायला घेतलं की पट्टीतला एक ठिपका उचलून पत्त्यावर ठेवायचा. धान्य कमी पडलं की तो परत पट्टीत.

संकेतस्थळाचं मराठी भाषांतर हौशी खेळाडूच करत. ते अर्धवट पडलेलं पाहून एलिनाने अंगावर घेतलं. डाव्या बाजूला इंग्रजी वाक्य, उजव्या बाजूला मराठीसाठी रिकामी चौकट. खेळाडूचं नाव जिथे यायचं तिथे वाक्यात एक कंसातली खूण असे. ज्याची पाळी असेल त्याचं नाव यंत्र आपोआप त्या खुणेच्या जागी बसवी. खूण पुसायची नाही, हा भाषांतराचा पहिला नियम.

तिने केलेलं पहिलं वाक्य खेळात असं उमटलं, 'आता ज्युडची पाळी आहे.'

"पाळी?" ज्युड फोनवर खो खो हसला. "अगं, काही लाजलज्जा?"

"आम्ही कारखान्यात पहिली पाळी, दुसरी पाळीच म्हणतो. तुझं मन घाण आहे."

तिने 'कामगार' असा शब्द घातला होता. दुसऱ्या दिवशी पाहते तर जिथे तिथे 'माणूस'. तिने पुन्हा 'कामगार' केलं. पुन्हा 'माणूस' झालं. बदल कुणी केला हे चौकटीखाली दिसतं. तिथे तिचंच नाव होतं आणि वेळ सकाळी सव्वाअकराची. सव्वाअकराला ती प्रयोगशाळेत नमुने तपासत होती, मोबाइल कपाटात. तिने पासवर्ड बदलला.

बुधवारी निळ्या पट्टीचं नाव बदललं. 'राखीव कामगार' खोडून तिथे आलं होतं, 'बावखलातली मानसं: १.'

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. वसईबाहेर हा शब्द कुणाला विचारला तर सांगता यायचा नाही. 'मानसं' हा उच्चार तर तिच्या आतेचा, मार्गारेटचा. आणि पट्टीत ठिपके होते सोळा. तिने दोनदा मोजले. आकडा मात्र एक.

"ज्युड, हे तुझे उद्योग ना?"

"शपथ. मला मराठी टायपिंग येत असतं तर पप्पांना वाढदिवसाला इंग्रजीत कशाला लिहिलं असतं? आणि बावखलाचं मला काय? ते बुजवताय ना शनिवारी?"

बुजवणारच होते. घरामागच्या बावखलावर शेवाळ धरलं होतं, डासांनी उच्छाद मांडला होता. पप्पांनी, म्हणजे सिप्रियननी, मातीचे डंपर सांगून ठेवले होते. पाण्याची तपासणी एलिनानेच केली होती. नायट्रेट वाढलेलं, जिवाणू मोजण्यापलीकडे. अहवालावर तिचीच सही होती, त्यामुळे आता बोलायला जागाच नव्हती.

फक्त मार्गारेट आते आठवडाभर पप्पांशी बोलत नव्हती. गुरुवारी ती ओटीवर वाल सोलत बसली होती. एलिनाने सहज विचारल्यासारखं तिच्या मेलेल्या भावाबद्दल विचारलं, "आते, हिलरीकाका बावखलातच गेले ना?"

"रहाट काढून पंप बसवला, त्या वर्षी. पाइप लावायला उतरला." आतेने शेंग मोडली. "मग सगळं पानी उपसलं, बाय. गाळ काढला, तळ दिसला. मानूस नाय सापडला. रिकामी पेटी पुरली आम्ही."

"असं कसं होईल?"

"तू शिकलेली. तू सांग."



शुक्रवारी दुपारी तिने आपली खेळी केली आणि ज्युडची पाळी आली. मग तिने भाषांतराचं पान उघडलं. एका वाक्याचं मराठी तिच्याआधीच कुणी केलेलं होतं. इंग्रजीत लिहिलं होतं की अमुक खेळाडूने एक कामगार पट्टीत परत ठेवावा. खेळाडूच्या जागी नेहमीची खूण होती. मराठीत ती खूण नव्हती.

'सिप्रियन बावखलात उतरेल.'

सिप्रियन नावाचा कुणी खेळाडू नव्हता.

ती उठून मागे गेली. पप्पा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर उभे होते. जुन्या पंपाचा पाइप गाळात रुतला होता.

"पप्पा, तुम्ही पाण्यात उतरू नका."

"कंबरभर तर पाणी आहे. उद्या माती पडायच्या आत पाइप नको काढायला?"

"वरून ओढू. दोरी बांधून. तुम्ही उतरायचं नाही."

"बरं बाई, दोरी आण. तुझ्या आतेच्या वळणावर चाललीस."

दोरी आणायला ती घरात आली. लॅपटॉप उघडाच होता. वाक्य तसंच होतं. तिने पप्पांचं नाव खोडलं, त्या जागी नियमाप्रमाणे खूण परत बसवली. बाकीचं वाक्य नंतर नीट करू म्हणून तेवढंच जतन केलं. मागून पप्पांनी हाक मारली, ती दोरी घेऊन धावली.

पाइप वरूनच निघाला. कुणी उतरलं नाही.

शनिवारी सकाळपासून डंपर आले. माती पडत गेली तसं पाणी काठाला चढत गेलं, मग दिसेनासं झालं. एक वाजेपर्यंत तिथे सपाट लाल जमीन होती. पप्पांनी चपला घालून तिच्यावरून एक फेरी मारली आणि एलिनाकडे बघून हात वर केले. ती हसली. आठवडाभरात पहिल्यांदा तिला जेवण गोड लागलं.

अडीच वाजता तिने लॅपटॉप उघडला.

ज्युडने अजून खेळी केली नव्हती. कालपासून त्याचीच पाळी होती.

तिला खूण आठवली. ज्याची पाळी, त्याचं नाव.

तिने घाईघाईने भाषांतराचं पान उघडलं. त्या वाक्याची चौकट करडी झाली होती. तिच्यात अक्षर उमटेना.

तिने ज्युडला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. त्याच्या घरात राहणाऱ्या व्हिव्हियनला लावला.

"आज सुट्टी ना, पहाटेच गेला तो पोहायला," व्हिव्हियन म्हणाला. "समुद्रावर. आला की सांगतो."

"ज्युडला पोहता येत नाही."

"तेच म्हटलं मी. म्हणाला, कुणीतरी बोलावलंय."

ज्युडचा फोन आला नाही, आणि एलिनाने घरात कुणाला काही सांगितलं नाही. सात वाजता घरात जपमाळ सुरू झाली. मेणबत्ती, तिघांचे आवाज, बाहेर ओल्या मातीचा वास. शेवटी घरच्या मृतांची नावं घ्यायची, ती आतेने घ्यायची, असा रिवाज. आतेचे डोळे मिटलेले होते.

"आमच्या बाबांसाठी. आमच्या आयेसाठी. एमिलीवहिनीसाठी. ज्युडसाठी."

"मार्गारेट!" पप्पा ओरडले. "काय बोलतेस? पोरगा जिवंत आहे आपला. हिलरीचं नाव घ्यायचंय."

आतेने डोळे उघडले नाहीत. माळेचा मणी पुढे सरकवला.

"हिलरी आला वर," ती म्हणाली.

ओटीवर लॅपटॉप टिंग वाजला.

एलिना उठून गेली. निळ्या पट्टीवर आकडा एकच होता. नोंदींच्या रकान्यात दोन ओळी नव्या होत्या.

'ज्युड बावखलात उतरला.' वाक्यातलं 'उतरेल' कुणीतरी दुरुस्त केलं होतं.

त्याखालची ओळ तिची स्वतःची होती, तिने भाषांतर केलेली पहिली.

'आता एलिनाची पाळी आहे.'